कर्करोगाच्या औषधाने सूज का येते? गोळी स्वतःहून बंद करण्याआधी हे वाचा

मिरा रोडच्या एखाद्या घरात हा प्रसंग सहज घडू शकतो. रक्ताच्या कर्करोगाची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झालेले असतात. एका सकाळी आरशात पाहिले तर डोळ्यांखाली पिशव्या लोंबताना दिसतात आणि पापण्या जड वाटतात. संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा पायात रुतू लागतो. शेजारी विचारतात, "रात्री झोप झाली नाही का?" घरच्यांच्या मनात मात्र वेगळेच येते, की किडनीवर तर परिणाम झाला नाही ना?

पुढची तपासणी परळला असते आणि तिला अजून बारा दिवस असतात. मग रात्री नऊ वाजता कोणी सुचवते की गोळी दोन दिवस बंद ठेवून पाहू. दुसरा कोणी खालच्या मेडिकलमधून 'पाणी उतरवायची' गोळी आणतो. तिसरा पाणी पिणे कमी करायला सांगतो. तिन्ही सल्ले काळजीपोटी दिलेले असले, तरी तिन्ही महागात पडू शकतात.

कर्करोगाच्या अनेक औषधांमुळे सूज येते. बहुतेक वेळा ती त्रासदायक असते, पण आटोक्यात राहते. काही वेळा मात्र तीच सूज पायातल्या रक्ताच्या गुठळीची किंवा हृदयावरील ताणाची पहिली खूण असते. या दोन्हींतला फरक घरी कसा ओळखायचा, हे समजून घेऊ.

सूज म्हणजे नेमके काय?

शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून थोडे पाणी सतत आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपत असते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवते. तरीही बाहेर राहिलेले पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. जादा पाणी व मीठ मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. हे चक्र फिरते ठेवण्याचे काम हृदयाचे.

यातील एक जरी दुवा बिघडला, तरी सूज येते. रक्तवाहिनी जास्त झिरपू लागली, अल्ब्युमिन कमी झाले, लसिकेचा मार्ग अडला, मूत्रपिंडे मंदावली किंवा हृदय कमकुवत झाले, तर पाणी ऊतींमध्ये साठते. म्हणून सूज हा स्वतंत्र आजार नाही. ती कशामुळे आली, यावर तिचा उपाय ठरतो.

अंगठ्याने नडगीवर पाच ते दहा सेकंद दाबून ठेवा. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तर तिथे पाणी साठले आहे.

कोणत्या औषधांमुळे सूज येते?

यादी मोठी आहे. त्यातील नेहमी वापरली जाणारी औषधे अशी :

- इमॅटिनिब : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) हा रक्ताचा कर्करोग आणि पचनमार्गातील 'जिस्ट' प्रकारच्या गाठी यांवरची रोजची गोळी. सूज प्रामुख्याने डोळ्यांभोवती आणि पायांवर येते.
- डॅसॅटिनिब : हीसुद्धा सीएमएलवरचीच गोळी. हिच्यामुळे फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठू शकते. त्यामुळे बाहेर सूज दिसली नाही तरी दम लागतो किंवा कोरडा खोकला येतो.
- डोसिटॅक्सेल : स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आदी कर्करोगांत सलाइनमधून दिले जाणारे औषध. त्याची सूज प्रत्येक फेरीगणिक साठत जाते.
- क्रिझोटिनिब, लॉरलॅटिनिब : फुप्फुसाच्या काही विशिष्ट कर्करोगांवरील गोळ्या. यांच्यामुळे पाय व चेहरा सुजतो.
- जेमसिटाबिन : काही रुग्णांच्या पायांवर सूज येते.
- स्टेरॉइड : प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दीर्घकाळ घेतल्यास चेहरा गोल होतो आणि शरीरात मीठ-पाणी साठते.
- ट्रॅस्टुझुमॅब, डॉक्सोरुबिसिन : ही औषधे थेट सूज आणत नाहीत. मात्र काही रुग्णांचे हृदय त्यांच्यामुळे कमकुवत होते आणि पायांवरची सूज त्याचे लक्षण असू शकते.

डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सलाइनच्या आदल्या दिवसापासून साधारण तीन दिवस डेक्सामेथासोनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या सूज आणि ॲलर्जी या दोन्हींना आळा घालतात. धावपळीत आदल्या दिवसाची गोळी राहून गेली असेल, तर सलाइन लावण्यापूर्वी नर्सला किंवा डॉक्टरांना सांगावे. ओरडा बसेल म्हणून गप्प राहू नये. या औषधाची सूज उपचार संपल्यावर उतरते, पण सावकाश. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार ती पूर्ण उतरायला लागणारा मध्यक काळ १६ आठवड्यांचा आहे. म्हणजे शेवटच्या सलाइननंतर महिनाभराने पाय सुजलेले असतील, तर तेवढ्यावरून काही बिघडले असे होत नाही.

इमॅटिनिबने डोळेच का सुजतात?

सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचे विकृत प्रथिन तयार होते आणि पांढऱ्या पेशींना अखंड वाढीचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब हे प्रथिन बंद पाडते. पण त्याच वेळी 'पीडीजीएफ रिसेप्टर' नावाचे दुसरे बटणही दाबले जाते. ऊतींमधील पाण्याचा दाब राखण्यात या रिसेप्टरचा सहभाग असतो. तो बंद पडला की पाणी साठू लागते.

पापण्यांची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते आणि तिच्याखालील जागा सैल असते, त्यामुळे थोडे पाणीही तिथे लगेच दिसते. रात्रभर आडवे राहिल्याने सकाळी डोळे सुजतात. दिवसभर उभे-बसलेले राहिल्याने तेच पाणी संध्याकाळी घोट्यांशी उतरते. सकाळचा चेहरा आणि संध्याकाळचे पाय असे हे चक्र दिसले, तर घाबरून जाऊ नये. मोठ्या चाचण्यांमध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी पाच-सहा जणांना अशी वरवरची सूज आली होती. तीव्र सूज मात्र फार थोड्यांना आली.

मग दोन दिवस गोळी थांबवली तर काय बिघडते?

बरेच काही बिघडू शकते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना इलेक्ट्रॉनिक झाकणे बसवली. झाकण कधी उघडले याची नोंद तीन महिने होत राहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या वेळेवर घेणाऱ्यांत रोग अत्यंत खालच्या पातळीवर जाण्याची सहा वर्षांतील शक्यता ९४.५ टक्के होती. ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के होती.

९० टक्के म्हणजे ३० दिवसांत तीन गोळ्या चुकणे. 'सूज उतरेपर्यंत दोन-तीन दिवस' हा घरगुती उपाय महिन्यातून एकदा केला, तरी रुग्ण या दुसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर येतो.

ही गोळी सामान्य घरांपर्यंत पोहोचण्यामागे मोठी लढाई आहे. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाच्या 'ग्लिव्हेक' या ब्रँडचा भारतातील खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी त्या वेळी महिन्याला आठ ते दहा हजारांत मिळे. नोव्हार्टिस कंपनीने पेटंटसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था विरोधात उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)चा आधार घेत कंपनीची मागणी फेटाळली. त्यामुळे स्वस्त गोळीचा मार्ग खुला राहिला. एवढ्या खटपटीने हाती आलेली गोळी डोळ्यांखालच्या पिशव्यांमुळे डब्यात पडून राहू नये.

याचा अर्थ गोळी कधीच थांबवायची नाही, असा नाही. सूज जास्त असेल तर डॉक्टर स्वतः ती काही दिवस थांबवतात, मात्रा कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. फरक इतकाच की त्या वेळी रक्ताच्या अहवालांवर त्यांची नजर असते.

प्रत्येक सूज कर्करोगाच्या औषधाचीच असते का?

नाही. अनेकदा दोषी औषध दुसऱ्याच पाकिटात असते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. केमोनंतर हातापायांची जळजळ कमी करण्यासाठी दिले जाणारे प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन सूज आणू शकते. मधुमेहावरील पायोग्लिटाझोनही पाणी साठवते. अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मीठ-पाणी अडवून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. सिस्प्लॅटिनसारखे औषध चालू असताना तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

भूक मंदावल्याने आहारात प्रथिने कमी पडतात. आजारात यकृत अल्ब्युमिन कमी बनवते. मग दोन्ही पाय सारखे सुजतात. म्हणून ओपीडीत जाताना केवळ कर्करोगाची फाइल पुरत नाही. घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, पुनर्नवाच्या गोळ्यासुद्धा त्यात असाव्यात. इमॅटिनिबसारख्या गोळ्या यकृतातील ज्या मार्गाने पचतात, त्याच मार्गात काही वनस्पती आणि ग्रेपफ्रूटचा रस अडथळा आणतात.

कोणती सूज धोक्याची?

पुढीलपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये :

- एकच पाय किंवा एकच हात अचानक सुजला, दुखतो, गरम किंवा लाल झाला. ही रक्ताची गुठळी असू शकते. कर्करोगात तिचा धोका वाढतो. टॅमॉक्सिफेन, थॅलिडोमाइड, लेनॅलिडोमाइड या औषधांमुळे तो आणखी वाढतो. असा पाय चोळू नये, त्याला तेल लावून मालिश करू नये.
- दम लागणे, छातीत दुखणे, आडवे पडल्यावर श्वास कोंडणे, रात्री उठून बसावे लागणे.
- चेहरा, मान आणि हात एकत्र सुजणे आणि छातीवरच्या शिरा फुगलेल्या दिसणे.
- औषध घेतल्यावर थोड्याच वेळात ओठ, जीभ, पापण्या सुजणे, अंगावर गांधी उठणे. ही ॲलर्जी आहे.
- सूज आलेल्या जागी लाली आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप. केमो चालू असताना हा जंतुसंसर्ग वेगाने पसरतो.
- लघवी खूप कमी होणे किंवा पोट फुगत जाणे.

मिरा-भाईंदरच्या रुग्णांपुढे येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. उपचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात चालू असले, तरी दम लागलेल्या रुग्णाला लोकलने किंवा गर्दीच्या महामार्गाने तिथवर नेण्याचा अट्टहास धरू नये. १०८ वर फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. शहरात टेंभा येथे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी हे सरकारी रुग्णालय आहे. रुग्ण स्थिर झाल्यावर परळला कळवता येते. त्यासाठी औषधांची चिठ्ठी आणि शेवटच्या अहवालांचे फोटो घरातील दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असावेत.

घरी काय मोजावे?

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे साधा वजनकाटा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. जेवण फारसे जात नसताना दोन दिवसांत वजन दीड किलोने वाढले, तर ती चरबी नाही, पाणी आहे.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि लिहून ठेवावे. एका दिवसात एक किलोहून अधिक किंवा आठवड्यात दोन किलोहून अधिक वाढ झाली, तर डॉक्टरांना कळवावे. रोज एकाच जागी उभे राहून चेहऱ्याचा आणि पायांचा फोटो काढावा. 'कालपेक्षा जास्त वाटते' या वाक्यापेक्षा आठ दिवसांचे फोटो आणि आकडे डॉक्टरांना जास्त सांगतात. अंगठी घट्ट होऊ लागली, तर ती वेळीच काढून ठेवावी.

मीठ किती आणि पाणी किती?

भाईंदरला मीठ नवे नाही. येथील मिठागरे ही या गावाची जुनी ओळख. पण सूज असलेल्या रुग्णाच्या ताटात मीठ मोजूनच यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार निरोगी प्रौढानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सगळे पदार्थ मिळून जेमतेम एक सपाट चमचा.

भाजी-आमटीतील मीठ कमी करून बाजूला पापड-लोणचे ठेवले, तर उपयोग शून्य. फरसाण, वेफर्स, खारे शेंगदाणे, इन्स्टंट नूडल्स, सॉस, चटण्या आणि खारवलेली मासळी यांत मीठ भरपूर असते. उत्तनच्या किनाऱ्यावरील घरांत ताजी मासळी मिळते. प्रथिनांसाठी तीच चांगली. आम्लपित्तासाठी पाण्यात फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असते.

दोन गैरसमज मोठे आहेत. पहिला, सैंधव चालते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. दुसरा, 'लो सोडियम' मीठ सगळ्यांना सुरक्षित असते. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडे कमकुवत असतील तर ते धोक्याचे ठरते. चवीसाठी लिंबू, कोकम, आले, कोथिंबीर, जिरे यांचा आधार घ्यावा. तोंड आले असेल तर आंबट टाळावे.

आणि पाणी? सूज आहे म्हणून स्वतःहून पाणी तोडू नये. केमोची काही औषधे मूत्रपिंडांतून बाहेर पडतात आणि पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांनाच इजा होते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाण्याची मर्यादा डॉक्टर लिटरमध्ये सांगतात. तोपर्यंत तहानेप्रमाणे पाणी प्यावे. उलट्या-जुलाब होत असतील, तर मिठाच्या भीतीने ओआरएस टाळू नये. त्या वेळी शरीराला त्याची गरज असते.

'पाण्याची गोळी' मेडिकलमधून का आणू नये?

लघवी वाढवणारी गोळी काही रुग्णांना डॉक्टर देतात आणि तिचा फायदाही होतो. पण ती पाण्यासोबत पोटॅशियमही बाहेर काढते. पोटॅशियम घसरले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. आधीच जुलाब किंवा उलट्या असतील तर रक्तदाब कोसळतो, चक्कर येते. अल्ब्युमिन कमी असेल किंवा गुठळी झाली असेल, तर ही गोळी मूळ कारणाला हातही लावत नाही. उलट एक-दोन दिवस सूज थोडी कमी दिसते आणि खरे निदान लांबते.

स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजला तर?

ही सूज बहुधा औषधाची नसते. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर किंवा तिथे किरणोपचार झाल्यावर लसिकेचा मार्ग अडतो. याला लिम्फिडीमा म्हणतात. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी अनेक वर्षांनीही येऊ शकतो. हात जड वाटणे, बांगडी किंवा ब्लाउजची बाही घट्ट होणे ही सुरुवातीची खूण असते. त्यावर लघवी वाढवणारी गोळी काम करत नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकलेला हलका विशिष्ट मसाज, दाब देणारी बाही, व्यायाम आणि त्वचेची निगा हा उपचार असतो. लवकर सुरू केला तर सूज आटोक्यात राहते. तोपर्यंत त्या हाताला भाजणे, कापणे, मुंगी-डास चावणे याला जपावे.

पाय आणि प्रवास

- दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा तास आडवे पडून पाय उशांवर, हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावेत. त्याने दम लागत असेल तर लगेच उठून बसावे.
- डोळे सुजत असतील तर झोपताना डोक्याखाली एक जादा उशी घ्यावी. सकाळी थंड पाण्याची घडी काही मिनिटे ठेवावी.
- तासन्‌तास पाय लोंबकळत बसू नये. दर अर्ध्या तासाने पावले वर-खाली हलवावीत. पोटरीचे स्नायू हा पायांतील रक्त वर ढकलणारा पंप आहे.
- दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत. गुठळी, हृदयविकार किंवा पायांतील रक्तपुरवठ्याचा त्रास असेल तर ते नुकसान करू शकतात.
- सुजलेली त्वचा ताणलेली असते. तिला साधे मॉइश्चरायझर लावावे. अनवाणी फिरू नये. केपसिटाबिनसारख्या औषधाने तळवे लाल होऊन सुजत असतील, तर गरम पाण्याने शेकू नये.
- उपनगरी लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. मिरा रोडपासून दादरपर्यंत गर्दीत उभे राहण्यापेक्षा हा डबा कधीही बरा.

फोनवर काय सांगावे?

डॉक्टरांना किंवा रुग्णालयाच्या कक्षाला फोन लागला की वेळ थोडा असतो. त्यामुळे सहा गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात : औषधाचे नाव आणि मात्रा, ते सुरू होऊन किती दिवस झाले, सूज कुठे आहे, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, आठवड्यात वजन किती वाढले आणि दम, ताप, लघवी यांची स्थिती. शेवटी थेट प्रश्न विचारावा, "आजची गोळी घ्यायची की नाही?" उत्तर मिळाले की त्याच कागदावर तारीख टाकून लिहून ठेवावे.

त्या उत्तरावर पुढचा निर्णय ठरतो. बहुतेक रुग्णांना गोळी चालू ठेवून, मीठ कमी करून आणि वजनावर नजर ठेवून पुढे जाता येते. काहींना तपासणीसाठी लवकर बोलावले जाते. मग परळची तारीख बारा दिवसांनी असली, तरी मधले दिवस अंदाजावर काढावे लागत नाहीत.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधातील कोणताही बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)